पहिला पेला घरच्याचा

२ जानेवारी

बाटल्यांचा कारखाना दुकानाला दर वर्षी एक डायरी पाठवतो आणि दर वर्षी ती कोरीच रद्दीत जाते. यंदा हिने ती माझ्या पुढ्यात आणून ठेवली. म्हणाली, "अहो, गुडघ्यामुळे तुम्ही घरी बसलात, पण तुमचं तोंड काही बसायला तयार नाही. सकाळपासून माझे कान किटलेत. आता जे काय सांगायचं ते हिला सांगा."

बायकोचं ऐकावं, नाहीतर जेवणात मीठ कमी पडतं. तर सांगतो. वय अडुसष्ट. धंदा काढ्याचा, वडिलांपासून चालत आलेला. दोन पाले, एक साल आणि एक कडू मुळी, एवढ्यावर आमचं घर उभं राहिलं, दोन बहिणींची लग्नं झाली, मुलगा शिकला. रक्तशुद्धीचा काढा म्हणून लोक नेतात. फोड, पुटकुळ्या, खाज, कशालाही चालतो. चव अशी की रुसलेला माणूससुद्धा बोलायला लागेल.

दुकानाच्या पाटीवर नाव बारीक आहे आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत आमचं ब्रीद: पहिला पेला घरच्याचा. दुकान उघडलं की दिवसाचा पहिला पेला घरच्या माणसाने गिऱ्हाइकांसमोर उभं राहून रिकामा करायचा, मगच विक्री. वडिलांनी केलं, मी केलं, आता चिरंजीव करतात. मालात काही वाईट असतं तर घरचा माणूस प्यायला असता का? लोकांना याहून मोठा दाखला लागत नाही.

९ जानेवारी

गुडघा बरा. आज चिरंजिवांचं कौतुक लिहितो, तोंडावर करत नाही म्हणून.

चार वर्षांपूर्वी याने अर्क काढायचं यंत्र आणलं. पूर्वी पहाटे पातेलं चढायचं आणि पातळ काढा उतरायचा, लोक लोटे घेऊन रांगेत. आता यंत्रातून मधासारखा दाट, काळा अर्क निघतो. गिऱ्हाइकाने बाटली न्यावी आणि पेलाभर पाण्यात दोन चमचे घालून प्यावं. तेव्हा चिरंजीव मला म्हणाले होते, बाबा, मग पहिला पेलासुद्धा दोन चमच्यांचाच करू या. मी म्हणालो, ते गिऱ्हाइकांसाठी. ब्रीद पेल्याचं आहे, चमच्याचं नाही. पेला तोच राहील आणि भरलेलाच राहील. बिचाऱ्याने उलट शब्द काढला नाही. चार वर्षं रोज सकाळी दाट अर्काचा काठोकाठ पेला घशाखाली घालतो आणि चेहरा जरासुद्धा वाकडा करत नाही. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं.

एकच उणीव. लग्नाला सहा वर्षं झाली, घरात पाळणा नाही. सूनबाई चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर उभी असते. मी हिला म्हणालो, तिला जरा विश्रांती हवी, म्हणजे होईल. हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प डायरी उघडली.

२१ जानेवारी

आज हिने मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतलं. म्हणाली, "सुनेच्या सगळ्या तपासण्या झाल्या. तिच्यात काहीही नाही. तुमच्या लेकाचा अहवाल चांगला नाही."

"चांगला नाही म्हणजे?"

"म्हणजे बीज कमी आहे, आणि आहे त्यात जोर नाही. आता यापेक्षा जास्त मला बोलायला लावू नका."

मी ओट्याला टेकून उभा राहिलो. आमच्या घरात? ज्या घरातून लोक अंगात बळ यावं म्हणून बाटल्या नेतात, त्या घरात? दोघांना दोन महिन्यांपासून माहीत आहे आणि दोघंही तोंडात गुळणी धरून. मला वाईट वाटलं, पण त्यापेक्षा पोराची दया आली. आता मी हात बांधून बसणार नाही.

२३ जानेवारी

उपाय सुरू. मुळी दुप्पट घालून मी स्वतः खास अर्क काढून घेतला. सकाळचा पेला आहेच, आता संध्याकाळी आणखी एक. चिरंजीव म्हणाले, "बाबा, इतकं कशाला?" मी म्हणालो, "बापाचं ऐक, पुढच्या वर्षी पेढे वाट." संध्याकाळी माझ्यासमोर प्यायला. मला फार बरं वाटलं.

११ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे मीही गेलो. सूनबाई नको नको म्हणत होती, पण घरातलं वडीलधारं माणूस बरोबर असलं की डॉक्टर नीट बघतात. भिंतीभर गुटगुटीत बाळांची चित्रं. ज्यांना मूल होत नाही त्यांना तासभर त्यांच्याकडेच बघत बसवायचं, ही कुणाची अक्कल कोण जाणे.

डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला नेमक्या. विड्या ओढता का, दारू, लहानपणी गालफुगी झाली होती का, कपडे फार घट्ट घालता का. शेवटी विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?"

चिरंजीव म्हणाले, "नाही."

मी म्हणालो, "डॉक्टरीणबाई, आमच्या घरात डोकेदुखीची गोळीसुद्धा येत नाही." हे सांगताना छाती जरा पुढे आली असेल. त्यांनी लिहून घेतलं. यावेळचा अहवाल आधीपेक्षाही उतरलेला आहे म्हणे. कारण सांगता येत नाही म्हणाल्या. आजकालच्या शिक्षणाचं हे असंच.

जिना उतरताना सूनबाई मध्येच थांबली. "बाबा, पण आपला काढा?"

"काढ्याचं काय?"

"त्यांनी औषध विचारलं ना."

"अगं, काढा म्हणजे औषध होय? गिऱ्हाइकाला तो औषध. आपल्या घरात तो नुसता काढा. जेवणाला कुणी औषध म्हणतं का?"

चिरंजीव हसले. ती नाही हसली. म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी चष्म्याचं घर आत विसरले." आणि गेली ती बराच वेळ आलीच नाही. आम्ही खाली उन्हात ताटकळत. आणि गंमत अशी की ती स्वतः चष्मा लावत नाही. गिऱ्हाइकाचं असेल. धांदरट आहे पोर, पण गुणी आहे.

२ मार्च

घरात सुख म्हणजे काय, तर मोठं काही भांडण नसणं. आज आमचं भांडण चहाच्या पुडीवरून. ही म्हणते, महिन्याची पूड पंधरवड्यात संपते. मी म्हणालो, चोर आला असता तर तुझ्या पाटल्या नेल्या असत्या, चहा कशाला नेईल? सूनबाईला हसता हसता ठसका लागला.

ती हल्ली सकाळी कामावर जायच्या आधी दुकानात डोकावून जाते, हातात थर्मास. चिरंजिवांचा घसा बसतो म्हणून गरम पाणी. सहा वर्षांनीही नवऱ्याची इतकी काळजी. मी हिला म्हणालो, बघ, शिक जरा. ती म्हणाली, तुमचा घसा बसला असता तर मी पेढे वाटले असते.

१९ मार्च

मोरी तुंबली. नळवाला आला, पाइप उघडून त्याने काळा चिकट गोळा बाहेर काढला. म्हणाला, "काका, मोरीत डांबर ओतता का?" मी वास घेऊन पाहिला. ओळखीचा वाटला. चिरंजिवांनी बाटल्या विसळल्या असतील. त्यांना सांगितलं, असला माल मोरीत टाकत जाऊ नका, कष्टाचा आहे. हो म्हणाले. कान लाल झाले होते.

संध्याकाळचा अर्क आता तो आपल्या खोलीत नेऊन पितो. माझ्यासमोर प्यायला लाज वाटते म्हणाला. वाटणारच, कारण नाजूक आहे.

४ जून

आजची तारीख मोठ्या अक्षरांत लिहायला हवी होती. नवा अहवाल आला. बीज वाढलं, चांगलंच वाढलं, जोरही आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आशा धरायला हरकत नाही.

मी हिला म्हणालो, "हातच्या काकणाला आरसा कशाला? माझा संध्याकाळचा अर्क लागू पडला." चिरंजीव ताटात बघत राहिले. सूनबाईने मला आग्रहाने आणखी वाढलं. "घ्या बाबा, आज पोटभर जेवा."

जेवून दुपारी अशी झोप लागली म्हणता. किती दिवसांनी.

१० जून

मनात आनंद मावेना, म्हणून शिंप्याकडे गेलो. हा माझा शाळेपासूनचा दोस्त, दुकान दुकानासमोर. काप एक आणि शिव एक करण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, पण मनाने सोन्यासारखा. त्याच्या मुलीचं लग्न होऊन चार वर्षं झाली, तिलाही मूल नाही. व्याही मंडळी तिलाच बोल लावतात. तो मान खाली घालून मशीन चालवत होता, तेव्हा मी खास अर्काची बाटली त्याच्यासमोर ठेवली.

"जावयाला रोज पेलाभर दे. डोळे मिटून दे."

"अरे वैद्या, नक्की ना?"

"माझ्या घरात अहवाल आहे. अजून काय पाहिजे?"

त्याचे डोळे भरून आले. त्याच वेळी बाटली घेऊन जावयाच्या घरी गेला.

रात्रीच्या जेवणाला मी हे सांगितलं तर चिरंजिवांचा घास हातातच राहिला. "बाबा, ती बाटली परत आणा."

"का रे?"

दोघा नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. तो म्हणाला, "मला तुमच्याशी बोलायचंय." मी म्हणालो, जेवताना धंद्याचं नको, उद्या बोल. फुकट दिली म्हणून चिडला असेल. आपला मुलगा असला तरी नवीन पिढी ती नवीन पिढी.

११ जून

काय लिहू.

सकाळी गुडघा हलका वाटला म्हणून न सांगता दुकानात गेलो. चार-पाच गिऱ्हाइकं उभी. चिरंजीव पेला घेऊन उभे होते, अर्धा पिऊन झाला आणि तेवढ्यात आत फोन वाजला. पेला तसाच ठेवून तो आत पळाला. घरच्याचा पेला अर्धा राहता कामा नये. मी उचलला आणि तोंडाला लावला.

चहा होता. बिनदुधाचा, गडद उकळलेला. साखर घालून.

मी तो गिऱ्हाइकांसमोर संपवला. तोंड वाकडं केलं नाही. घरी येऊन झोपलो. जेवलो नाही.

१२ जून

आज दिवसभर पडूनच होतो.

संध्याकाळी तिघंही माझ्या खाटेभोवती येऊन बसले. मी भिंतीकडे तोंड करून होतो. म्हणालो, "किती दिवस लोकांना फसवतोयस?"

"फेब्रुवारीपासून," चिरंजीव म्हणाला.

मग सूनबाई बोलली. त्या दिवशी तिचं चष्म्याचं घर वगैरे काही राहिलं नव्हतं. ती परत जाऊन डॉक्टरीणबाईंना काढ्याचं सांगून आली होती. "त्यांनी छातीठोक काही सांगितलं नाही बाबा. म्हणाल्या, अशा काही कडू वनस्पतींच्या अर्काने उंदरांमध्ये नराचं बीज कमी झालेलं दिसलंय. माणसाचं कुणाला नक्की माहीत नाही. पण हे चार वर्षं रोज पेलाभर दाट अर्क पितात म्हटल्यावर त्यांच्या हातातलं पेनच थांबलं. म्हणाल्या, तीन-चार महिने बंद करून बघा, बिघडणार तर काही नाही."

मी उठून बसलो. "उंदरावरून माझ्या मुलाची परीक्षा? मी जन्मभर प्यायलो. आणि हा बघ, हा समोर बसलाय."

"तुम्ही पातळ काढा प्यायलात बाबा," चिरंजीव म्हणाला. "मी अर्क प्यायलो. तुमच्याच पेल्याने."

तरी वाद सोडवेना. म्हणालो, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असेल. अहवाल आपोआप सुधारला असेल."

सूनबाई शांतपणे म्हणाली, "असेल बाबा. तसंही असेल. मग पुन्हा सुरू करून बघायचं का?"

माझ्या तोंडून हो निघेना. शेवटी म्हणालो, "मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," पोरगा म्हणाला. "प्यायलो तर मूल नाही, नाही प्यायलो तर ब्रीद नाही. मी रोज सकाळी लोकांसमोर खोटा पेला पितो बाबा. तुम्हाला काय वाटतं, मला तो गोड लागतो?"

ही म्हणाली, "साखर घालून घेशील तर गोडच लागणार." मग आपणच पदराने डोळे पुसले. चहाच्या पुडीचं कोडं तिलाही आत्ताच सुटलं.

मला राग येत होता, पण कुणावर काढावा ते कळेना. मोरीत डांबर म्हणजे माझा खास अर्क, हेही उमगलं. त्यांनी तो मोरीत ओतला म्हणून अहवाल सुधारला, आणि मी त्या अहवालावर मिशीला पीळ भरत गावभर फिरलो. आणि एवढं झाल्यावर मला शिंप्याचा जावई आठवला.

१३ जून

सकाळी आधी शिंप्याकडे गेलो. घरच्यांनी सांगितलं, आम्ही येतो. मी म्हणालो, नको, बाटली मी दिली, मीच जाईन.

तो कापडावर खडूने खुणा करत होता. मी सगळं सांगितलं. उंदीर, अर्क, चहा, काही लपवलं नाही. त्याने खडू खाली ठेवला. म्हणाला, "जावई घेत नव्हता. कडू आहे म्हणाला. मी त्याच्यासमोर बसून पाजला. सांगितलं, माझ्या दोस्ताच्या घरचा आहे, डोळे मिटून पी."

"किती वेळा?"

"परवा, काल. आज सकाळीही घेतला असेल."

"बंद कर. एवढ्याने काही व्हायचं नाही, डॉक्टरीणबाईंना विचारून घे. मी तुझ्याबरोबर येतो."

"तू नको येऊस," तो म्हणाला. "माझी पोर आहे रे ती. तिला सगळे टोचतात, आणि मी आपल्या हाताने..." त्याने मशीन सुरू केलं. मशीनखाली कापड नव्हतं.

दुपारी त्याने बाटली आमच्या फळीवर आणून ठेवली आणि मान फिरवून गेला. एवढ्या वर्षांत आमची तोंडं कधी दुसरीकडे वळली नव्हती. फार लागलं मला. घरी येऊन हिच्याजवळ बसलो आणि रडलो. हिने समजूत घातली नाही, नुसती बसून राहिली. तिला समजूत घालता येत नाही, पण बसता येतं.

१६ जून

चिरंजीव म्हणतात, पाटीवरचं ब्रीद पुसून टाकू, कटकट मिटेल. मी म्हणालो, माझ्या बापाचं ब्रीद आहे. पुसायचं नाही आणि खोटंही करायचं नाही. घरचा माणूस मीसुद्धा आहे. पहिला पेला मी पिणार.

"तुमचा गुडघा?"

"गुडघ्याने थोडाच प्यायचाय?"

"आणि या वयात तो अर्क..."

"मला आता कुठे पाळणा हलवायचाय? आणि पेलाभर अर्क नाही. पेलाभर पाण्यात दोन चमचे. गिऱ्हाइकाला जेवढं, तेवढंच घरच्याला." हे वाक्य मला चार वर्षांपूर्वी सुचलं असतं तर. पण तेव्हा मी पेल्यावर अडून बसलो होतो.

८ जुलै

उंच स्टूल मिळालं, त्यावर बसलं की गुडघा त्रास देत नाही. रोज सकाळी दोन चमचे. तोंड वाकडं होतं हल्ली, सवय मोडली. गिऱ्हाइकं हसतात.

बाटली देण्याआधी मी प्रत्येक पुरुषाला विचारतो, "अजून मूल हवंय का?" हवं असेल तर देत नाही. सांगतो, नक्की कुणाला माहीत नाही, पण मला शंका आहे, आणि शंका असताना मी देणार नाही. डॉक्टरला विचारून ये. काही जण तोंड वेडंवाकडं करून जातात. काही परत येत नाहीत. आज एक आजोबा आले, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, काठी टेकत. त्यांनाही सवयीने विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही एवढं म्हणताय तर घरी विचारून येतो." दुकान हसून लोळलं. मीही.

पूर्वीपेक्षा गर्दी कमी आहे, हे खरं. पण रात्री झोप चांगली लागते.

३ ऑगस्ट

शिंपी आला. माझ्या स्टुलावर एक गादी ठेवली, निळ्या कापडाची, चारी बाजूंनी दुहेरी शिवण. म्हणाला, "जावयाची तपासणी झाली. त्याचं आधीपासूनच कमी आहे, औषध चालू केलंय. तुझ्या दोन-तीन पेल्यांनी काही झालं नाही असं डॉक्टर म्हणाले." मग जरा थांबून म्हणाला, "आता पोरीला कुणी बोलत नाही. तपासणीला न्यावं हे मला तुझ्यामुळे सुचलं. हे तुझं कौतुक नाही. नुसतं सांगतोय."

मी म्हणालो, गादी एका बाजूला जरा उंच झाली आहे. तो म्हणाला, तू एका बाजूला वाकडा आहेस. झालं, मिटलं.

२२ ऑगस्ट

एक गोष्ट मनाला खाते. सूनबाई माझ्यापासून लांब राहते. मी दुकानातून आलो की खिडकीशी जाऊन बसते, नाकाला ओढणी. पूर्वी "बाबा, आज काय झालं दुकानात" म्हणून विचारायची, आता मान हलवते आणि उठून जाते. दुकानात तर पाऊल टाकत नाही. काल जेवण अर्धं टाकून गेली. पोरीने मला माफ केलेलं नाही. करावं तरी का? तिची चार वर्षं माझ्या पेल्यात गेली.

हिला म्हणालो, मी तिची क्षमा मागू का? ही म्हणाली, "मागायची तर आंघोळ करून मागा." आणि हसायला लागली. मला या घरात कुणी गांभीर्याने घेत नाही.

९ सप्टेंबर

सकाळी एक बाई आल्या, बरोबर त्यांचा मुलगा. त्याचं लग्न ठरलेलं, तोंडभर पुटकुळ्या. म्हणाल्या, लग्नापर्यंत चेहरा साफ व्हायला हवा, मोठी बाटली द्या. मी नाही म्हणालो आणि कारण सांगितलं. बाई ऐकेनात.

"नवल आहे. इथे तर घरची माणसं आधी पितात ना? पाटीवर लिहिलंय."

"पितो की. मी पितो."

"मग माझ्या मुलालाच काय होणार आहे?"

पोरगा जमिनीत गडप व्हावं तसा उभा होता. मला एकदम आमचा आठवला, यंत्र आणलं त्या वर्षीचा. मी म्हणालो, "बाई, माझ्याही मुलाला काही होणार नाही असंच मला वाटलं होतं. मी त्याला चार वर्षं पेला भरभरून पाजला. माझ्या हट्टापायी. तो कधी नाही म्हणाला नाही. आज मला नातवंड नाही."

माझा हट्ट मी अजून गिऱ्हाइकांसमोर कबूल केला नव्हता. मागे यंत्र चालू होतं, ते बंद झालं. चिरंजीव हात पुसत बाहेर आला आणि माझ्या स्टुलाशी उभा राहिला.

"बाबा, ते शेवटचं म्हणू नका."

"का? खरं ते खरं."

"बाकी सगळं खरं आहे. शेवटचं आता खरं नाही."

मला समजायला वेळ लागला. त्या बाईंना माझ्याआधी समजलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मुलाला हाताला धरून बाटली न घेता निघून गेल्या. मी चिरंजिवाचा हात धरून ठेवला. किती वेळ ते माहीत नाही. गिऱ्हाइकं उभी होती, उभी राहू दे म्हटलं.

दुकान त्याच्यावर टाकून घरी आलो, गुडघा बरोबर आला की मागे राहिला तेही पाहिलं नाही. हिला सांगायला तोंड उघडलं तर ही म्हणाली, "मला महिन्यापासून माहीत आहे. तिला तुमच्या काढ्याचा वास सहन होत नाही, म्हणून पोर खिडकीशी बसते. आणि तुम्ही क्षमा मागायला निघालात."

मग मी आधी आंघोळ केली. दोनदा साबण लावला. आणि सूनबाईपाशी गेलो. ती खिडकीशीच होती. म्हणालो, "पोरी, सगळ्यांना माहीत. मलाच तेवढं सांगितलं नाहीस."

"तिसरा महिना संपला की सांगणार होते बाबा," ती म्हणाली. "पण हल्ली तुम्ही दुकानात येईल त्याला घरातलं सगळं खरं सांगता. मला तुमची भीती वाटली."

मला हसू आलं आणि रडूही, कुठलं आधी आलं ते ठाऊक नाही. ती सरकली आणि खिडकीशी माझ्यासाठी जागा केली. ओढणी नाकावरून काढली नाही, पण मला बसा म्हणाली.